पिकपसमोरची दोन लिंबं

७ जुलै २००२, रविवार

आजपासून डायरी. मराठीत लिहून राहिलो, कारण पिंकीले मराठी वाचायचा कंटाळा आहे. मोठी बहीण आहे, पण घरात मराठीत विचारलं तरी हिंदीत जवाब देते. शाळेत आमचं दोघांचंही सारं हिंदी मीडियम.

शाळा मी सोडली. शाळेनं मले नाही सोडलं. हे लिहून ठेवणं जरूरी आहे. दहावीत सरांनी फळ्यापाशी उभं करून धडा वाचायले लावला, साठ पोट्टे मागून पाहून राहिले होते. मी पाणी प्यायले म्हणून बाहेर गेलो. ते गेलोच.

प्लॅन असा. घरासमोर सहा वर्षांपासून मोठ्या बाबांची पिकप उभी आहे. गुलाबराव मोठे बाबा, बाबांचे मोठे भाऊ, टेंटहाउस बंद करून नागपूरले गेले अन् गाडी इथीच टाकून गेले. पेट्रोल गाडी. लिटरले पाच किलोमीटर. मी तिच्यात डिझेल इंजन बसवणार. राजधानी झाल्यापासून रायपुरात भोपाळहून साहेब येऊनच राहिले. सोफे, कपाटं, कुत्रे. कोण नेणार सामान? मी. सामान बोलत नाही, त्याच्यासंग काम करणं मले जमते.

बाबांनी कॅलेंडरच्या मागे लिहून सही केली: सतरा सप्टेंबरले, विश्वकर्मा पूजेच्या दिवशी, गाडी आपल्या दमावर घरून शहराच्या टोकाच्या भनपुरीले गेली तर दहावीचं नाव काढणार नाही. नाही गेली तर दुसऱ्या दिवशी दहावीचा प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून बसायचा, फॉर्म. मीही सही केली. बाबा रेल्वेच्या ऑफिसात आहेत, त्यांले कागद झाल्याशिवाय काही खरं वाटत नाही.

सत्तर दिवस आहेत. मले चाळीस पुरतात.

८ जुलै

पाणी. काम नाही झालं.

९ जुलै

पाणी. तसंही दोन दिवस विचार करायलेच पाहिजेत.

१२ जुलै, शुक्रवार

बोनट उघडलं. छी. इंजनवर उंदराचं घर. पिंकीची हरवलेली ओढणी, आईच्या सिंथॉलचा कागद, अन् मधात गुलाबी गुलाबी पिल्लं. ओकारी आली. आईले बोलावलं. तिनं सुपात भरून नालीपलीकडे ठेवले अन् म्हणे, इंजन काढायले निघाला अन् उंदराले घाबरते.

घाबरलो नाही. घिन आली. दोन्हीत फरक आहे.

१५ जुलै

भनपुरीले गेलो. ऑटोवाल्याले थांब म्हणायचं होतं, पण बाकी सवारी बोलून राहिल्या होत्या, मधात कसं टोकायचं? पुढच्या चौकात कोणीतरी थांबवलं तेव्हा उतरलो. दीड किलोमीटर चिखलातून वापस. चपलेत काय काय गेलं ते लिहीत नाही.

कबाड्याच्या यार्डात एक पलटलेली मिनीबस आहे. इंजन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, तिन्ही चांगले. घंटाभर तिच्यापाशी उभा राहिलो. कबाड्याले वाटलं मी तिच्यातलाच कोणी मेलेल्याचा भाऊ आहे. त्यानं पाणी दिलं. मी पिऊन वापस आलो.

एकूण अभ्यास चांगला झाला.

१८ जुलै

आज कबाड्याकडे हिरालाल भैयांले संग नेलं. भनपुरीतच त्यांचं गॅरेज आहे. उन्हाळ्यात दोन महिने मी त्यांच्याकडे नटबोल्ट रॉकेलमधी धुवत होतो. घरी मी असिस्टंट सांगतलं आहे. त्यांनी पाच मिनिटांत सौदा केला, आईच्या भिशीच्या पैशात बसला. मले विचारलं, और कुछ पूछना है? मी मान हलवली. हिरालाल भैया हसले, म्हणे, ए टुरा के मुँह मा ताला लगे हे. टुरा म्हणजे पोट्टं.

माणूस हुशार आहे पण गुटखा खाते अन् बोलताना अर्धा समोरच्याले वाटते. किळस.

२५ जुलै

जुनं इंजन निघालं. हिरालाल भैयांनी वजन उचलायची चेन-कुप्पी पाठवली, निंबाच्या फांदीले टांगली. इंजन वर उठलं तेव्हा पूर्ण पारा, म्हणजे मोहल्ला, जमा झाला. लोक काहून जमतात? बाजूच्या विनोदिनी काकू म्हणे, अरे पराग, तुझा आवाज तर आजच ऐकला. मी "सरका" म्हणलो होतो. दोनदा म्हणावं लागलं कारण पहिल्यांदा निघालाच नाही.

खालच्या ट्रेमधलं तेल डांबरासारखं. त्यात एक मेलेली चिमणी. लिहून राहिलो तर आताही नाकात वास आहे. जेवलो नाही. मग दहा वाजता जेवलो.

२ ऑगस्ट

डिझेल इंजन बसलं!! हिरालाल भैया दिवसभर होते, वेल्डिंग त्यांचं. डोकं माझं. म्हणजे मी पकडून होतो.

गाडीचं तोंड चार बोटं खाली गेलं. बाबा ऑफिसातून आले, म्हणे, ही काहून नमस्कार करून राहिली? मी म्हणलो, डिझेल इंजन जड असते, तसंच राहते. बाबा म्हणे, मग पूजेच्या दिवशी सोपं जाईल, नमस्काराची पोज तयारच आहे.

असे विनोद ऑफिसात चालत असतील.

८ ऑगस्ट

हरेली, इथला शेतकऱ्यांचा सण. आज औजार धुवून पूजा करायची, चालवायचं नाही. मी पक्का नियम पाळला. काल अन् परवाही पाळला, तयारी म्हणून.

दूधवाल्यानं सगळ्या दारांवर निंबाची डगाल, म्हणजे फांदी, खोचली, एक पिकपच्या हँडललेही. इंजनपाशी एक किडा अंगावर पडला. आंघोळ केली. तीन वेळा.

१४ ऑगस्ट

आता मागचा ॲक्सल. जुना पेट्रोलच्या हिशेबाचा आहे, डिझेलले मिनीबसचाच पाहिजे. पण कमानी, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगा, जमून नाही राहिल्या. आमच्या पिकपच्या कमानी ॲक्सलच्या खालून येतात अन् मिनीबसच्या ॲक्सलवर कमानी ठेवायच्या जागा (हिरालाल भैया त्यांले सीट म्हणतात) वरतून वेल्ड केल्या आहेत.

हिरालाल भैयांले विचारायले गेलो. विचारलं नाही, त्यांच्यापुढे कागदावर चित्र धरलं. त्यांनी अर्धा घंटा समजावलं. तोंडात गुटखा पूर्ण. माझ्या उजव्या हातावर एक थेंब पडला. मग दुसरा. मी हात मागे घेतला तर ते अजून जवळ आले. सात थेंब झाले, सातवा ओठाच्या एकदम बाजूले. पूर्ण टाइम मी एकच विचार करून राहिलो होतो की पुसलं तर त्यांले वाईट वाटंल. शेवटी म्हणे, समझ गेस? मी म्हणलो, हव.

मुद्दा कळला. बाकीचं घरी जाऊन साबणानं धुतलं.

१७ ऑगस्ट

पाणी. ॲक्सलकडे पाहिलं.

१९ ऑगस्ट, सोमवार

आज जे झालं ते तारीख टाकून लिहून ठेवून राहिलो.

दोन दिवस ॲक्सलसमोर बसलो अन् सकाळी चहा पिताना डोक्शात आलं. जागा वर आहेत ना? मग पूर्ण ॲक्सलच पलटवून टाका! वरचं खाली. कापणं नाही, वेल्डिंग नाही, हिरालाल भैयांची गरज नाही. गल्लीतले दोन पोट्टे बोलावले (पिंकीनं बोलावले), ॲक्सल उलथा केला, खालून घातला. कमानी अशा बसल्या की जशी कंपनीनंच केलं. ड्रमपण बसले, शाफ्टपण बसला.

इतके मिस्त्री आहेत रायपुरात. कोणाच्या डोक्यात नाही आलं. त्यांची आदतच आहे, काही झालं की कापा.

आईले सांगतलं. ती म्हणे, हिरालालले दाखवून घे एकदा. मी म्हणलो दाखवीन. आता तयार झालेलं काम काय दाखवायचं? अन् ते जवळ येऊन पाहतील.

२० ऑगस्ट

ॲक्सलच्या मधातल्या गोळ्यातून तेल टपकून राहिलं. वरतून हवा जायले एक छोटं छेद असते, ते आता खाली आलं. कंपनीची डिझाइनच खराब. छेदात साबण कोंबला, टपकणं बंद.

काळं तेल सरळ कानात गेलं. आताही उजव्या कानानं सारं डबक्यातून आल्यासारखं ऐकू येते. शिसारी.

२९ ऑगस्ट

वायरिंग. सहा वायर उरल्या. डिझेलले कमीच लागतात.

बाबा येऊन पाहून गेले. कॅलेंडरवर काल त्यांनी लाल पेनानं गोल केला आहे सतराले. संग दहावीच्या फॉर्मची पावती-पुस्तिका आणून टीव्हीवर ठेवली. मी तिच्यावर स्क्रूड्रायव्हर ठेवला. संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर बाजूले होता.

साफ सांगतो, कारण इथी कोणी वाचणारं नाही. गाडी नाही चालली तर प्रायव्हेटवाल्यांच्या क्लासले त्याच शाळेत जावं लागंल, अन् मी त्या वर्गात पुन्हा बसणार नाही. आता माझ्यासंगचे अकरावीत गेले. तिथी सारे छोटे पोट्टे राहतील अन् मी मिशीवाला. सर म्हणतील, हां, तुम, पीछे वाले, खड़े हो.

गाडी चालंल.

५ सप्टेंबर

स्टार्ट नाही होत. घर्र घर्र घर्र. बॅटरी उतरली.

६ सप्टेंबर

पोळा. पारातले पोट्टे मातीचे बैल चाकांवर ओढून राहिले. एकानं विचारलं, भैया, आपकी गाड़ी को भी रस्सी से खींचें क्या? सात वर्षांचा असंल. नाक वाहत होतं.

९ सप्टेंबर

स्टार्ट नाही. फोनवर हिरालाल भैयांशी पिंकी बोलली (मी बाजूले उभा होतो, मान हलवून राहिलो). ते म्हणे, लाइन में हवा पकड़ा होगा, पंप मार के हवा निकालो. पंप मारला. डिझेल तोंडात गेलं. दुपारपासून ढेकरीले डिझेलचा वास. आई म्हणे काडी ओढू नका कोणी.

११ सप्टेंबर, बुधवार, सकाळी ११.२०

स्टार्ट झाली.

११.४५

मघाशी इतकंच लिहून पुन्हा बाहेर पळालो होतो. असा आवाज आला की विनोदिनी काकूंच्या ओट्यावरचे पापड उडाले. इतका काळा धूर की काल बसवलेल्या गल्लीच्या गणपतीच्या मंडपातून एक काका बाहेर आले, म्हणे धूप थोडा कम करो भाई. आई देवाच्या खोलीत गेली. पिंकी नाचली. मीही नाचलो, सीटवर बसूनच.

मागची चाकं विटांवर उचलून ठेवली होती. पहिला गिअर टाकला, चाकं फिरली. पिंकी म्हणे, ए पराग, ये चक्का उल्टा घूम रहा है क्या? मी तिले शांतपणानं समजावलं की वेगानं फिरणारं चाक डोळ्याले उलटं दिसते, पंख्यासारखं. आर्ट्सवाले लोक.

बाबांले सांगतलं, गणपतीमुळे ते सुट्टीवर होते. त्यांनी जाऊन बोनटवर हात ठेवला, गरम होता तरी ठेवला.

१६ सप्टेंबर

तयारी पूर्ण. नारळ, उदबत्ती, दोन लिंबं. उद्या हिरालाल भैया आपल्या गॅरेजची पूजा करून इथी येणार, मग आम्ही गाडी घेऊन भनपुरीले. भाषण नाही देणार. कोणी विचारलं तर फक्त म्हणीन, मेहनत.

गल्ली गणपतीमुळे भरली आहे. बाबांनी विचारलं, स्कूटर कुठी ठेवू? मी म्हणलो, पिकपच्या मागे ठेवा. मागे एकदम सेफ आहे.

१७ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी ७

आंघोळ. नवा शर्ट. विटा काढल्या. घिन यायसारखं आज काहीच नाही.

दुपारी १

लिहावं लागंल.

आईनं बोनटवर स्वस्तिक काढलं, हार घातला. समोरच्या दोन्ही चाकांखाली एक एक लिंबू ठेवलं. सारा पारा होता, विनोदिनी काकू, मंडपातले काका, ते नाकवालं पोट्टं. मले म्हणायचं होतं समोरून सरका, पण ते पिंकीच म्हणली. सगळे बाजूले झाले. हिरालाल भैया म्हणे, चल बेटा, विश्वकर्मा भगवान की जय, निंबू फोड़!

पहिला गिअर टाकला. क्लच सोडला. गाडी एकदम मस्त निघाली. मागे.

मले वाटलं चुकून रिव्हर्स पडला. ब्रेक मारला, पुन्हा पहिला टाकला, नीट पाहून टाकला, अन् घाईत जास्त रेस दिली. बाबांची स्कूटर पहिले आडवी झाली मग नालीत गेली. पिकप तिच्यावर टेकून थांबली, म्हणून बरं. कोणाले लागलं नाही. इतकी शांतता झाली की नालीत स्कूटरचं चाक फिरताना ऐकू येऊन राहिलं होतं. डाव्या कानानं.

हिरालाल भैया खाली झोपून गाडीच्या पोटात गेले. बराच टाइम नुसते पायच दिसत होते. मग पाय हलायले लागले. ते हसून राहिले होते.

बाहेर येऊन बाबांले म्हणे, बाबूजी, ॲक्सल उल्टा लगा है. उपर का नीचे. अब चक्का भी उल्टाच घूमेगा. ये गाड़ी में आगे का एक गिअर है अउ पीछे के चार. मग माझ्याकडे पाहून म्हणे, मैं तोला बोले रहेंव ना? उसी दिन? सीट को काटना, ॲक्सल को मत पलटाना, पलटाएगा तो गाड़ी पीछे भागेगी? चार बार बोला. तैं का कहे?

सगळे माझ्याकडे. साठ पोट्टे नव्हते, वीस माणसं होती. पण तेच.

मी म्हणलो, हव.

म्हणे, हां, यही बोला था.

आई वाकली. दोन्ही लिंबं उचलली. एकालेही काही झालं नव्हतं.

रात्री ८

तरीही एक गोष्ट लिहायलेच पाहिजे. रिव्हर्स टाकला की ती समोर जाते. मी बाबांले म्हणलो, कॅलेंडरवर लिहिलं आहे "आपल्या दमावर", कोणता गिअर ते लिहिलं नाही. बाबांनी कॅलेंडर आणून वाचलं. म्हणे, ठीक आहे. कागद म्हणजे कागद. चल.

माझ्या बाजूच्या सीटवर बसले, मांडीवर नारळ. निघालो, रिव्हर्समधी, समोर. माणूस चालते तितकं. एक म्हैस पुढे गेली. ते नाकवालं पोट्टं स्टेशनच्या चौकापर्यंत बाजूनं चालत आलं, मग त्याले बोर झालं. स्टेशनच्या थोडं पलीकडे पाणी उकळलं, वाफ निघाली, बंद.

भनपुरी तिथून सहा किलोमीटर.

बाबा मग फटीतून वाफ पाहत म्हणे, इंजन तर चांगलं बसवलं बे पोट्ट्या. मले नव्हतं वाटलं आवाजही निघंल. मी म्हणलो, हिरालाल भैयांनी बसवलं. हे काहून म्हणलो माहीत नाही. बाबा म्हणे, विचारत जा ना बेटा. नाही समजलं तर नाही समजलं म्हण. कोणी खाऊन नाही टाकत.

मग नारळ फोडून खाल्ला. हिरालाल भैयांचा ट्रॅक्टर आला अन् गाडी ओढत घेऊन गेला. ॲक्सल आता मार्चच्या परीक्षेनंतर.

१८ सप्टेंबर, बुधवार

सकाळी पोह्यावर लिंबू होतं. मी विचारलं नाही कोणतं. खाल्लं नाही.

बाबा फॉर्म भरायले संग येतो म्हणले. मी म्हणलो, एकटा जातो. आजपासून ठरवलं, नाही समजलं तर सरळ विचारायचं. रस्त्यात दोनदा प्रॅक्टिस केली. ऑटोवाल्यालेही "रोको" म्हणलो, एकदाच, अन् तो थांबला.

खिडकीवर लाइन. घामाचा वास, समोरच्याच्या कॉलरवर तेलाची काळी पट्टी. आतला बाबू मान खाली घालून फॉर्म भरून राहिला होता. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, सारं मी सांगतलं, आवाज निघाला. मग त्यानं आपल्या मनानं माध्यमाच्या खान्यात "अंग्रेजी" लिहिलं. मले दिसलं. साफ दिसलं. मागे तीस लोक होते, कोणाचा तरी श्वास मानेवर येऊन राहिला होता. बाबूनं शिक्का उचलला अन् म्हणे, सब बराबर है न?

मी म्हणलो, हव.

वापस येताना पूर्ण विचार केला. बरोबरच झालं. डिझेल इंजनची सारी पुस्तकं इंग्रजीतच असतात.